उद्यानातून स्थानकाकडे जाणारी पायवाट: नेमकं काय मागावं?

वाटसरू

आमची वस्ती उद्यानाच्या एका अंगाला आणि स्थानक दुसऱ्या अंगाला. सरळ अंतर फार नाही, पण बांधलेला पदपथ तळ्याला वळसा घालत, बाग दाखवत जातो. गाडी गाठायची असलेला माणूस तसा जात नाही, तो हिरवळीतून तिरका कापतो. वर्षानुवर्षं तसं चालून एक ठळक पाऊलवाट पडली आहे. पावसात तिथे चिखल, एरवी धूळ, मध्ये एका जुन्या झाडाची वर आलेली मुळं, आणि अंधार पडला की पायाखालचंही दिसत नाही.

उद्यान विभाग ही वाट झुडपांची रांग लावून बंद करायच्या विचारात आहे. बरेच रहिवासी म्हणतात की फरसबंदी करा, दिवे लावा. लवकरच बैठक आहे आणि तिथे लेखी मागणी द्यायची आहे.

माझं मत आधीच सांगतो. ही वाट म्हणजे बागेची शोभा नव्हे, ती स्थानकाचा भाग आहे. फलाटावर चिखल असता आणि दिवे बंद असते तर कुणीही ते चालवून घेतलं नसतं. मग फलाटाकडे जाणाऱ्या वाटेला वेगळा न्याय का? जेवढा वेळ गाड्या धावतात तेवढा वेळ ही वाट चालण्याजोगी असली पाहिजे, आणि ती फक्त धडधाकट माणसाला चालण्याजोगी असून भागणार नाही. मात्र हे मागताना उद्यानाचा बळी जाऊ नये असंही मनापासून वाटतं. रुंदी, पृष्ठभाग, दिवे, झाडं, यातलं ज्यांना जे ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

नकाशावाला

सर्वात आधी झुडपांबद्दल. लोकांनी पाडलेली वाट अडवली तर ती बंद होत नाही, दहा पावलं बाजूला सरकते. मग एका वाटेऐवजी दोन वाटा आणि तुडवलेली झुडपं. ती वाट म्हणजे फुकटात मिळालेलं सर्वेक्षण आहे. लोक कुठून येतात, कुठे वळतात, कशाला टाळतात, हे सगळं त्या जमिनीवर उमटलेलं असतं. विभागाने ते वाचायला हवं.

आता बैठकीत उपयोगी पडेल असं गणित. स्थानकाभोवती ८०० मीटर, म्हणजे साधारण दहा मिनिटं, हे पायी येण्याचं अंतर म्हणून नियोजनात धरतात. बसथांब्यासाठी ४०० मीटर धरतात. चालण्याचा वेग मिनिटाला सुमारे ८० मीटर. पण नकाशावर कंपासने काढलेलं वर्तुळ फसवं असतं, कारण माणूस सरळ रेषेत चालू शकत नाही. वळशामुळे अंतर दीडपट होत असेल तर दहा मिनिटांत तो सरळ रेषेतले जेमतेम ५३३ मीटर ओलांडतो. त्रिज्या इतकी घटली की क्षेत्रफळ ४४ टक्क्यांवर येतं. म्हणजे ज्यांना स्थानक पायी जवळ पडायला हवं त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक घरांना ते लांब पडतं. गाड्या वाढवायला, स्थानक मोठं करायला जो खर्च होतो त्याच्या तुलनेत एक वाट सरळ करणं किंवा भिंतीत एक फाटक उघडणं काहीच नाही, आणि तरी त्यामुळे जवळ येणारी वस्ती खूप मोठी असते.

म्हणून पहिली मागणी रुंदीची किंवा दिव्यांची नको. वाटेची रेषा कुठून जाणार, हे आधी ठरवून घ्या. रेषा चुकली तर पुढचा सगळा खर्च ओसाड पडलेल्या सुंदर पदपथावर होतो.

पानगळ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. वाटसरू, तुमची तळमळ कळते, पण "स्थानकाचा भाग" हे शब्द वाचून मला भीती वाटली. उद्यानं अशीच जातात. आधी पाऊलवाट, मग पेव्हर ब्लॉक, मग ती रुंद करणं, मग देखभालीची गाडी जायला हवी म्हणून आणखी रुंद करणं, मग त्या गाडीमागून दुचाक्या. आणि दरवेळी कारण खरंच चांगलं असतं.

झाडांबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी. मूळ म्हणजे खोडाची उलटी प्रतिमा, तेवढंच खोल गेलेलं, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं मातीच्या वरच्या ६० सेंटिमीटरच्या थरात असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. पदपथाचा पाया घालायला ३०-४० सेंटिमीटर खणलं की नेमका हाच थर कापला जातो. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि तोवर कंत्राटदार कधीच निघून गेलेला असतो. मग ते झाड "धोकादायक" ठरवून तोडतात. खणलं नाही तरी रोडरोलरने माती इतकी दाबली जाते की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही.

बांधकामाच्या वेळी झाडं कशी जपावीत हे सांगणाऱ्या ब्रिटिश मानक ५८३७ मध्ये एक सोपा नियम आहे: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा आणि त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ राखीव धरायचं. अर्धा मीटर जाडीच्या खोडाला सहा मीटर. तुमच्या वाटेतल्या त्या जुन्या झाडाचं मोजून बघा.

दिव्यांबद्दलही माझी हरकत आहे. उद्यान रात्री रिकामं नसतं. काही जातींची वटवाघळं उजेडापासून दूर जातात, काही उलट दिव्याभोवतीच्या किड्यांवर येतात, आणि दोन्हींमुळे तिथलं जुनं गणित बिघडतं.

गिट्टी

पानगळताईंचं मुळांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण त्यातून "वाट करू नका" असं निघत नाही, "खणू नका" असं निघतं. न खणता वाट करण्याची रीत आहे आणि ती चांगली रुळलेली आहे.

फक्त वरचं गवत हाताने काढायचं. जमीन आहे तशी ठेवून त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं. त्यावर पोळ्यासारखे कप्पे असलेली प्लास्टिकची जाळी, जिला जिओसेल म्हणतात, ती ताणून खिळे ठोकून बसवायची. कप्प्यांत टोकदार, धुतलेली, कच नसलेली खडी भरायची. कच भरली की पोकळ्या बुजतात आणि सगळा हेतूच जातो, त्यामुळे साइटवर कुणीतरी उभं राहून हे बघावं लागतं. जाळीमुळे वजन पसरतं, एका जागी माती दबत नाही, खडीतून हवा आणि पाणी खाली जातं. वर पाणी झिरपू देणारा थर. कडेला काँक्रीटची कर्ब नको, तिला पाया लागतो. लाकडाची पट्टी किंवा लोखंडी पट्टी पुरते.

ही वाट जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर वर येते, तेवढी दोन्ही टोकांना आणि कडांना उतरवून घ्यावी लागते. खोडाचा बुंधा जिथे फुगीर होऊन जमिनीत शिरतो तिथे खडी टेकता कामा नये. आणि हे झाडांच्या राखीव वर्तुळापुरतंच करा. बाकीच्या लांबीत साधा पाया घालायला हरकत नाही, तो स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो.

सखल, पाणी साचणारा तुकडा असेल तर तिथे भराव टाकू नका. भराव टाकला की वाटेच्या वरच्या अंगाला तळं होतं. तिथे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा पूल करावा. त्याचे आधार जमिनीत स्क्रूसारखे फिरवून बसवता येतात, मूळ लागलं तर आधार थोडा सरकवता येतो. मात्र ओल्या फळीवर पाय घसरतो, म्हणून वर खरखरीत पट्ट्या हव्यातच.

बाकी चिखलाचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेलेली असते. चालून चालून ती खचते, पावसाचं पाणी तिच्यातूनच वाहतं आणि ती आणखी खचते. वाट थोडी वर घ्या, एका बाजूला हलका ढाळ द्या, त्या बाजूला गवताचा उथळ चर ठेवा. निम्मं काम तिथेच होतं. मी असे पदपथ पाहिले आहेत जिथे महागडी फरशी बसवली पण ढाळच दिला नाही, आणि पहिल्या पावसात लोक पुन्हा शेजारच्या गवतातून चालायला लागले.

कोवळं_ऊन

गिट्टी, नुसती खडी पसरून चालणार नाही का? दिसायला नैसर्गिक वाटते.

चाकांवरून

नाही चालणार. मी चाकाच्या खुर्चीवरून फिरतो. सुट्या खडीत पुढची लहान चाकं रुततात आणि माणूस तोंडावर पडू शकतो. बाळाची ढकलगाडी, चाकांची बॅग, काठी, सगळ्यांचं तेच. पृष्ठभाग घट्ट, एकसंध आणि ओला असतानाही न घसरणारा हवा.

उतारांबद्दल आकडेच देतो, कारण बैठकीत "हलका उतार आहे" असं म्हणून वेळ मारून नेतात. १:२० पर्यंतचा उतार, म्हणजे वीस मीटर लांबीत एक मीटर चढ, साधी वाट म्हणून चालतो. त्याहून तीव्र असेल तर तो रॅम्प समजायचा, कठडे द्यायचे. १:१२ ही शेवटची मर्यादा, आणि प्रत्येक ७५ सेंटिमीटर चढाईनंतर विसाव्याला सपाट जागा. गिट्टींनी सांगितलेला आडवा ढाळ पाण्यासाठी लागतो हे मान्य, पण तो १:५० पेक्षा जास्त नको. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. खुर्ची मात्र सारखी एका बाजूला ओढली जाते आणि एकाच हाताने जोर लावत जावं लागतं. दहा मिनिटं तसं करून बघितल्याशिवाय त्याचा शीण कळत नाही.

गटाराच्या जाळ्यांच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात आणि १३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसाव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फाटक. दुचाक्या येऊ नयेत म्हणून नागमोडी लोखंडी अडसर किंवा फिरतं फाटक लावतात. दुचाकीला अडवणारा प्रत्येक अडसर मलाही अडवतो, याला अपवाद मी पाहिलेला नाही. खांब लावायचे तर मधलं अंतर ९० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, १.२ मीटर असेल तर उत्तम. त्यातून दुचाकी जाईल हे खरंच आहे. तिला थांबवण्याचं काम माणसांनी आणि दंडाने करायचं. माझा रस्ता बंद करून ते काम होऊ नये.

बाकं साधारण दर ५० मीटरवर हवीत, पाठ आणि हात असलेली. हातांचा आधार नसेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसल्यावर उठता येत नाही, म्हणून तो बसतच नाही. बाकाशेजारी खुर्ची लावता येईल एवढी सपाट जागा सोडा. आणि दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांच्या फरश्या. सेइची मियाके यांनी शोधलेल्या या फरश्या १९६७ मध्ये जपानच्या ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. इतकी वर्षं होऊन गेली तरी त्या फलाटावर असतात आणि स्थानकाच्या दारातच संपतात. उद्यानभर नकोत, पण वाट जिथे फुटते, जिथे पायऱ्या लागतात आणि जिथे रस्ता ओलांडायचा असतो तिथे हव्यातच.

रानवारा

चाकांवरून यांच्या फाटकाच्या मुद्द्याला +१. ढकलगाडी उचलून पलीकडे ठेवायची वेळ आमच्यावरही येते.

शेवटची_गाडी

मी रात्री उशिरा परतते. वरची चर्चा चांगली आहे, पण दिवसाच्या उजेडातली आहे.

"दिवे लावा" ही मागणी अपुरी आहे. एकेक प्रखर दिवा लांब लांब लावला की मी उजेडात असते आणि बाकी सगळं काळं. मला कुणीही बघू शकतं, मी कुणालाच बघू शकत नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, आणि इथे दर काही पावलांवर उजेड-अंधार बदलत असतो. उजेड कमी चालेल, पण तो सलग हवा, आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा वेळीच दिसला पाहिजे. म्हणजे उजेड फक्त जमिनीवर पडून उपयोग नाही, उभ्या माणसाच्या तोंडावरही पडला पाहिजे.

दुसरं, झुडपं. वाटेलगत कमरेइतकी दाट झुडपं नकोत. खाली गुडघ्यापर्यंतची झाडोरा, वर दोन-अडीच मीटरच्या वर फांद्या, मधला पट्टा मोकळा. यात एकही झाड तोडावं लागत नाही.

तिसरं, दोन्ही बाजूंनी जाळीचं कुंपण घालून बोळ करू नका. समोर कुणी संशयास्पद दिसलं तर मला बाजूला वळता आलं पाहिजे.

आणि हे सगळं केलं तरी मी रात्री साडेअकराला मधल्या वाटेने जाईन का? बहुधा नाही. दिवा माणसांची जागा घेत नाही. घरांच्या खिडक्या, उघडी दारं, ये-जा करणारे लोक यांची नजर असली की रस्ता सुरक्षित वाटतो, हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. उद्यानाच्या मध्यभागी अशी नजर नसते. म्हणून माझी मागणी अशी की उद्यानाच्या कडेने, घरांच्या बाजूने जाणारा पदपथही याच कामात दुरुस्त करा आणि त्यावर उत्तम दिवे लावा. तो थोडा लांबचा आहे, चालेल. रात्री मला निवड करता आली पाहिजे.

एक सावधगिरीची सूचना. विभाग म्हणेल, रात्री या वाटेवर बायका दिसतच नाहीत, मग कशाला खर्च? जे वाट टाळतात ते मोजणीत येत नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना शहरात अभ्यास झाला तेव्हा साधारण नऊ वर्षांच्या वयानंतर मुली उद्यानांत येणं कमी होतं असं आढळलं. शहराने "त्यांना आवड नाही" असं न म्हणता दोन उद्यानांची रचना बदलली आणि मुलींचा वावर वाढला.

नकाशावाला

शेवटची_गाडी, हा मुद्दा माझ्या आकड्यांत नव्हता आणि तो असायलाच हवा. मोजणी करताना उद्यानाला वळसा घालून रस्त्याने येणाऱ्यांनाही थांबवून विचारायला हवं: "मधून का नाही आलात?" दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा.

पानगळ यांच्या मूळ भीतीबद्दल: उद्यान फिरण्यासाठी की ओलांडण्यासाठी, हा वाद जुना आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा झाली तेव्हा शहराची आडवी वाहतूक पार्कातून गेली पाहिजे अशी अटच होती. पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी १८५८ च्या आराखड्यात ते चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली घेतले, म्हणून फिरणाऱ्याला ते फारसे जाणवत नाहीत. चालणाऱ्यांना कुणी खाली घालायचं नाही, उलट भुयारी वाटा लोक टाळतातच. पण त्यातलं तत्त्व घेण्यासारखं आहे. ओलांडणाऱ्यांना एक सरळ, चांगली वाट दिली की बाकीचं उद्यान शांत राहतं.

पानगळ

एकच वाट, तीही न खणता, आणि ती पुढे कधी रुंद होणार नाही असं लेखी मिळत असेल तर माझा विरोध नाही. दिव्यांच्या अटी मात्र घाला. रंग पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपास, पांढरे-निळे नकोत. दिव्याला वरून आणि मागून झाकण, म्हणजे उजेड झाडांच्या शेंड्यात आणि तळ्यावर जाणार नाही. खांब बुटके नकोत, कारण शेवटची_गाडी म्हणतात तसा चेहऱ्यावर उजेड पडायचा तर तेवढी उंची लागतेच, पण उंचच उंचही नकोत. शेवटची गाडी गेल्यावर मंद. तळ्याकडचा जुना पदपथ अंधारातच राहू द्या.

नेदरलँड्समधल्या न्यूकोप इथे वटवाघळांसाठी रस्त्यावर लाल दिवे लावले आहेत. तिथल्या प्रयोगांत उजेड टाळणाऱ्या वटवाघळांचा वावर लाल दिव्याखाली अंधारात असतो तेवढाच आढळला होता. आपण लगेच तेच करावं असं म्हणत नाही, लाल उजेडात चेहरा नीट ओळखू येईल का ही शंका आहेच. पण माणूस आणि वटवाघूळ यांतल्या एकालाच निवडायला हवं असं नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

कोवळं_ऊन

सायकलींचं काय? सकाळी घाईत तेही याच वाटेने येतील.

गिट्टी

येणारच. दोघांची वाट एकच असेल तर निदान ३ मीटर रुंदी हवी. फक्त चालणाऱ्यांसाठी २ मीटरच्या आसपास भागतं, दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर १.८ मीटर लागतात. पानगळताईंना रुंदी नको आहे, तेव्हा सायकली कडेच्या पदपथाच्या बाजूने वळवणं बरं. तिकडे जागा असते. नुसता रंगाचा पट्टा मारून मात्र काही होत नाही, गर्दीच्या वेळी तो कुणीच पाळत नाही.

नकाशावाला

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. पाट्या: लंडनच्या "लेजिबल लंडन" पाट्यांवर पाच मिनिटांत चालून कुठवर जाता येतं ते वर्तुळ काढलेलं असतं आणि नकाशा तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात तसाच फिरवलेला असतो. उद्यानाच्या प्रत्येक फाट्यावर "स्थानक, ६ मिनिटं" एवढं जरी लिहिलं तरी नवखा माणूस मधल्या वाटेवर विश्वास ठेवतो. दुसरं, छत: सिंगापूरने २०१३ मध्ये सुरू केलेल्या योजनेत स्थानकांपासून ४०० मीटरपर्यंत छताच्या वाटा केल्या, एकूण २०० किलोमीटर. उद्यानात छत नको, झाडांची सावली आहेच. पण शेवटच्या उघड्या तुकड्यावर पावसापुरतं छत मागता येईल.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. मागणीत मधली वाट लोकांनी पाडलेल्या रेषेवरच ठेवतो, फक्त जुन्या झाडापाशी राखीव वर्तुळाच्या बाहेरून थोडी वळवतो. वळण लांबूनच दिसेल असं असलं तर लोक ते स्वीकारतील असं वाटतं. कडेचा पदपथ आणि त्यावरचे दिवे हे "दुसरा टप्पा" म्हणून नाही, याच कामात लिहितो. दुसरे टप्पे येत नाहीत.

एक प्रश्न उरला. उद्यानाचं फाटक रात्री दहाला बंद होतं आणि गाड्या बाराच्या पुढेही असतात. शिवाय फाटकापासून स्थानकाच्या दारापर्यंतचा छोटा पट्टा नेमका कुणाचा, हे कुणीच सांगत नाही. तिथे रस्ता ओलांडावा लागतो आणि गाड्या वेगात असतात.

गिट्टी

फाटकाची वेळ गाड्यांच्या वेळापत्रकाला बांधून मागा. "रात्री बारापर्यंत" असं लिहू नका. "शेवटची गाडी सुटल्यानंतर अर्धा तास" असं लिहा, म्हणजे वेळापत्रक बदललं तरी नवा अर्ज लागणार नाही. संपूर्ण उद्यान उघडं ठेवायला विभाग तयार नसेल तर फक्त वाटेच्या दोन टोकांची फाटकं उघडी ठेवून आतले बाकीचे भाग बंद करता येतात.

त्या पट्ट्यासाठी बैठकीआधी तिथला मोजणी नकाशा मिळवा. उद्यानाची हद्द कुठे संपते, स्थानकाची कुठे सुरू होते, मधला रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे त्यावर असतं. तो नकाशा मागणीला जोडा आणि बैठकीला तिन्ही खात्यांच्या माणसांना लेखी बोलवा, नाहीतर प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवेल. ओलांडायच्या जागी रस्ताच पदपथाच्या उंचीला उचलून घ्यायला सांगा, म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप कमी होतो आणि चाकांवरून यांना उतरून पुन्हा चढावं लागत नाही. देखभालीचं नावही त्याच कागदावर हवं: गळलेली ओली पानं कोण झाडणार, गेलेला दिवा किती दिवसांत बदलणार, झुडपं वर्षातून किती वेळा छाटणार.